देवांच्या सभेतला खटला

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या अंकात आम्ही हिब्रू शास्त्रातले, म्हणजे ख्रिस्ती मंडळी ज्याला जुना करार म्हणतात त्यातले, 82वे स्तोत्र मराठीत छापले होते. कडवी अवघी आठ. देव देवांच्या सभेत उभा राहतो, त्या देवांवर आरोप ठेवतो आणि 'तुम्ही माणसांसारखे मराल' असा निकाल देतो. या आठ कडव्यांवर अपेक्षेहून जास्त पत्रे आली. हा विषय मराठीत तसा परका नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण 1616 साली राशोलला छापले गेले, आणि त्याचा पहिला भाग याच जुन्या कथांचा आहे. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे खाली देत आहोत.

प्रश्न (फोंडा) : 'माझ्याखेरीज तुला दुसरे देव नसावेत' अशी ज्या ग्रंथाची आज्ञा, त्याच ग्रंथात देवांची सभा कुठून आली? भाषांतरात काही गडबड आहे का?

उत्तर : गडबड नाही. उलट, सभा लपवणाऱ्या भाषांतरांतच ती आहे. हिब्रूत देवाला 'एलोहीम' म्हणतात. शब्दाचे रूप अनेकवचनी, पण कर्ता इस्राएलचा देव असला की क्रियापद सहसा एकवचनी. मराठीत आपण आदर क्रियापदात दाखवतो, 'गुरुजी आले' म्हणतो. हिब्रूत शब्दाचे रूप मोठे आणि क्रियापद मात्र 'आला' असेच राहते. 82व्या स्तोत्राच्या पहिल्या कडव्यात 'एलोहीम' दोनदा येतो. पहिल्यांदा 'उभा आहे' या एकवचनी क्रियापदाबरोबर. तो इस्राएलचा देव. दुसऱ्यांदा 'बे-केरेव एलोहीम', म्हणजे एलोहीमच्या मधोमध. एकाच्या मधोमध कोणी उभा राहत नाही, तेव्हा इथे देव अनेक आहेत. सभेला शब्द आहे 'अदत-एल', एलची सभा.

'देव' म्हणजे इथे माणसांतले न्यायाधीश, असा जुना अर्थ आहे, आणि काही भाषांतरे तो उचलतात. तो सहाव्या-सातव्या कडव्यात अडकतो. 'तुम्ही देव आहात, तुम्ही सगळे परात्पराचे पुत्र आहात असे मी म्हणालो, तरी तुम्ही माणसांसारखे मराल.' माणसाला 'तू माणसासारखा मरशील' ही शिक्षा कसली? ज्याला मरण ठाऊक नाही, त्यालाच ती लागू पडते.

सभेचे हे दृश्य कवीने हवेतून काढलेले नाही. सीरियाच्या किनाऱ्यावर रास शामरा येथे 1929 पासून उत्खनन झाले आणि उगारित हे प्राचीन नगर सापडले. इ. स. पू. 1200 नंतर थोड्याच काळात ते उद्ध्वस्त झाले होते. तिथल्या मातीच्या पाट्यांवर एल हा वडीलधारा देव सभेचा प्रमुख आहे आणि देवी अथिरातला सत्तर पुत्र आहेत. हिब्रू शास्त्रातही ही सभा पुन्हा पुन्हा डोकावते : 1 राजे 22:19 (आधी पुस्तक, मग अध्याय आणि ओळ) मध्ये मीखाया संदेष्ट्याला ती दिसते, आणि ईयोबाच्या पहिल्याच अध्यायात 'देवपुत्र' हजेरी लावायला येतात.

पण आमच्या मते महत्त्वाचे आहे ते आरोपपत्र, आणि वाचक नेमके तेच सोडून निकालाकडे धावतात. या देवांनी नैवेद्य घेतले, मूर्ती करवून घेतल्या, असा आरोप कुठेच नाही. दुसऱ्या ते चौथ्या कडव्यात आरोप असा : तुम्ही दुष्टांची बाजू घेता, दुबळ्याला, अनाथाला, गरिबाला न्याय देत नाही. पाचव्यात त्याचा परिणाम : पृथ्वीचे पाये हलतात. राज्य सोपवले होते, ते नीट चालवले नाही, म्हणून पदच्युती आणि मरण.

राहिली आज्ञा. ती 'दुसरे देव ठेवू नकोस' म्हणते. दुसरे देव नाहीतच, असे ती म्हणत नाही. 'देवांमध्ये तुझ्यासारखा कोण?' हे निर्गम 15:11 मधले गाणेही तुलना करायला दुसरे देव असतील तरच अर्थपूर्ण. 'माझ्याखेरीज देवच नाही' ही भाषा अगदी ठासून ऐकू येते ती यशयाच्या 40 ते 55 या अध्यायांत, इस्राएल लोक बाबेलमध्ये (बॅबिलोनमध्ये) हद्दपार होते त्या काळात.

प्रश्न (पेडणे) : आमच्याकडे गावागावाला राखणदार असतो, त्याची सीमा ठरलेली असते. अनुवाद 32:8 मध्ये परात्पराने राष्ट्रांच्या सीमा ठरवल्याचे वाचले. तोच प्रकार का?

उत्तर : पुष्कळसा तोच, पण आधी पाठ तपासा. प्रचलित हिब्रू प्रतीत त्या सीमा 'इस्राएलपुत्रांच्या संख्येप्रमाणे' ठरवल्या असे आहे. हे खटकते, कारण राष्ट्रे वाटली जात असताना इस्राएल जन्मालाही आला नव्हता. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत सापडलेल्या एका तुकड्यात तिथे 'देवपुत्रांच्या संख्येप्रमाणे' असे आहे, आणि जुन्या ग्रीक भाषांतरात 'देवदूतांच्या'. मूळ वाचन 'देवपुत्र' होते आणि पुढे कोणाला तरी ते जड गेले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. उत्पत्ति 10 मध्ये राष्ट्रे मोजली तर परंपरेने सत्तर भरतात. उगारितचे सत्तर पुत्र इथे आठवावेत.

म्हणजे चित्र असे : प्रत्येक राष्ट्राला एक देव, आणि नवव्या ओळीत परमेश्वराच्या वाट्याला याकोब, म्हणजे इस्राएल. ही समजूत शास्त्रात इतरत्रही मुरलेली आहे. शास्ते 11:24 मध्ये इफ्ताह अम्मोनच्या राजाला म्हणतो, तुझा देव कमोश जे देतो ते तू घे, आमचा देव देतो ते आम्ही घेऊ. (कमोश खरे तर मवाबचा, अम्मोनचा मिलकोम. ही गफलत इफ्ताहची की लिहिणाऱ्याची, यावर वाद आहे.) नामान हा अरामी सेनापती कोडातून बरा झाल्यावर काय मागतो? दोन खेचरांच्या ओझ्याइतकी माती (2 राजे 5:17). इस्राएलच्या देवाला परमुलखात भजायचे तर त्याच्या मुलखाची माती हवी. कुलदेवतेच्या गावची माती देव्हाऱ्यात ठेवणाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही.

याची दुसरी बाजू दगडावर कोरलेली आहे. 1868 साली आजच्या जॉर्डनमधल्या धिबान येथे मवाबचा राजा मेशा याचा काळ्या दगडावरचा लेख सापडला. इ. स. पू. नवव्या शतकातला हा लेख आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात मेशा सांगतो की इस्राएलचा राजा ओम्री याने मवाबला पुष्कळ दिवस छळले, कारण कमोश आपल्या भूमीवर रागावला होता. देवाचे नाव बदला, आणि हे शास्ते या पुस्तकातले वाक्य वाटेल. पुढे तो परमेश्वराच्या ठिकाणची पात्रे कमोशासमोर ओढत नेल्याचे अभिमानाने लिहितो. त्याच मेशाबद्दल 2 राजे 3:27 मध्ये आहे की वेढा पडला तेव्हा त्याने तटावर आपल्या थोरल्या मुलाचा बळी दिला, इस्राएलवर 'मोठा कोप' आला आणि सैन्य माघारी गेले. कोप कोणाचा, हे हिब्रू मजकूर सांगत नाही.

राखणदाराची तुलना एका जागी तुटते. शेजारच्या गावच्या राखणदाराला आपला राखणदार जाब विचारत नाही. 82व्या स्तोत्रात मात्र सगळ्या राखणदारांचा हिशेब एकाच कचेरीत होतो, आणि आठव्या कडव्यात कवी म्हणतो : देवा, ऊठ, सगळी राष्ट्रे आता तुझीच.

प्रश्न (मडगाव) : कर्मेल डोंगरावर एलीया संदेष्ट्याने बआलच्या पुजाऱ्यांना हरवले, ती परीक्षा नेमकी कशी झाली? आकड्यांत घोळ होतो.

उत्तर : 1 राजे 18 उघडून बसा. इस्राएलचा राजा अहाब याच्या राज्यात दुष्काळाचे तिसरे वर्ष. बोलावलेले बआलचे संदेष्टे 450, अशेरा देवीचे 400. साडेआठशे मारले गेले असे सर्रास सांगतात, ते चूक. अशेराच्या चारशेंचा उल्लेख 19व्या ओळीत येतो आणि हिब्रू प्रतीत पुढे ते पुन्हा दिसत नाहीत. 40व्या ओळीत किशोन ओढ्यावर मारले जातात ते बआलचे.

बैल दोन. निवड आधी बआलच्या लोकांनी करायची, म्हणजे मागाहून तक्रार नको. बैल कापून लाकडांवर रचायचा, आग लावायची नाही. सकाळपासून दुपारपर्यंत त्यांचा धावा. दुपारी एलीयाची थट्टा : मोठ्याने हाका मारा, विचारात गढला असेल, परसाकडे गेला असेल, प्रवासात असेल, नाहीतर झोपला असेल. 'परसाकडे' हे आमचे मराठी. मूळ हिब्रू शब्द तसाच आडपडद्याचा आहे आणि बरेच जण त्याचा हाच अर्थ करतात. मग ते तलवारी-भाल्यांनी अंग कापून घेतात, रक्त वाहते, संध्याकाळच्या अर्पणाची वेळ होते. उत्तर नाही.

आता एलीया. मोडलेली वेदी तो बारा दगडांनी उभारतो आणि भोवती चर खणतो. त्यावर लाकडे, त्यावर बैल, वरून चार घागरी पाणी, तीनदा. एकूण बारा घागरी. घागरीसाठीचा हिब्रू शब्द तोच, जो रिबेका खांद्यावर घेऊन विहिरीवर जाते त्या घागरीसाठी आहे. चर 'दोन सआ बियाण्याचा' होता. इथे वाचक हमखास अडतो. एक सआ सुमारे सात लिटर. चरात दोन सआ मावतात असे धरले तर जेमतेम पंधरा लिटर, आणि बारा घागरींपुढे ते काहीच नाही. दोन सआ बी पेरता येईल एवढी जमीन चराने वेढली होती, असा दुसरा अर्थ केला जातो. जुनी माणसे शेत चौरस मीटरमध्ये न सांगता किती बियाण्याचे ते सांगतात, तसेच हे माप. आम्हाला हाच अर्थ पटतो.

अग्नी उतरतो तो बैल, लाकडे, दगड, धूळ खातो आणि चरातले पाणी चाटून जातो. सांगणारे बहुधा इथे थांबतात. पण खटल्याचा विषय अग्नी नव्हता, पाऊस होता. बआल हा पावसाचा, गडगडाटाचा देव. उगारितच्या पाट्यांत त्याला 'मेघारूढ' म्हणतात. तीन वर्षे पाऊस नाही म्हणजे त्याच्याच खात्यात त्याची नाचक्की. त्याच पाट्यांत मोत, म्हणजे मृत्यू, बआलला गिळतो आणि पुढे बआल परत येतो. तेव्हा 'झोपला असेल' ही थट्टा नुसती टवाळी नव्हे. तिचा रोख प्रतिपक्षाच्याच पुराणावर आहे. निकाल लागतो 44व्या आणि 45व्या ओळीत : नोकराला सात वेळा समुद्राकडे पाहायला पाठवल्यावर तळहाताएवढा ढग दिसतो आणि आभाळ भरून येते. आणि हे वाचून झाले की पुढचा अध्याय जरूर वाचा. त्यात वारा, भूकंप आणि अग्नी एकामागून एक येतात, आणि परमेश्वर अग्नीत नव्हता असे स्पष्ट लिहिले आहे.

प्रश्न (डिचोली) : आपल्याकडे देवाला प्रसाद लावून कौल घेतात, उजवी पाकळी, डावी पाकळी. हिब्रू लोकांत असे काही होते का?

उत्तर : होते, आणि पुरोहिताच्या अंगावरच होते. मुख्य याजकाच्या छातीवर वीतभर लांब, वीतभर रुंद, दुहेरी कापडाचा ऊरपट असे. त्याचे नावच 'न्यायाचा ऊरपट'. त्यात उरीम आणि थुम्मीम ठेवलेले असत (निर्गम 28:30). त्या वस्तू कशा दिसत, याचे वर्णन शास्त्रात कुठेच नाही, पण वापर कळतो. 1 शमुवेल 14:41 ही ओळ प्रचलित हिब्रू प्रतीत तोकडी आहे. ग्रीक प्रतीत ती पूर्ण आहे, आणि तिथे शौल राजा म्हणतो : दोष माझ्यात किंवा माझा मुलगा योनाथान याच्यात असेल तर उरीम दे, इस्राएल लोकांत असेल तर थुम्मीम दे. नकलाकाराची नजर एका 'इस्राएल' शब्दावरून पुढच्या 'इस्राएल'वर घसरली आणि मधला मजकूर गळला, हे त्याचे सरळ कारण.

प्रश्न असा घालायचा की उत्तर दोहोंपैकी एकच यावे. माणसे पुष्कळ असतील तर चाळणी लावत जायचे. यहोशवा 7 मध्ये आखानाची चोरी अशीच पकडली : आधी वंश, मग कुळ, मग घराणे, मग माणूस. कधी उत्तरच येत नसे (1 शमुवेल 28:6). आपल्याकडेही पाकळी अडून बसली की गावकऱ्यांची चुळबुळ सुरू होते, पण तिथे अनुत्तर म्हणजे देवाने तोंड फिरवले असा अर्थ घेत.

याच्या जोडीने गणना 5:11-31 वाचा. पत्नीवर संशय आला तर याजकाने मातीच्या भांड्यात पवित्र पाणी घ्यायचे, मंडपाच्या जमिनीवरची धूळ त्यात टाकायची, शाप लिहून तो मजकूर त्याच पाण्यात धुवायचा आणि तिला प्यायला द्यायचे. बरोबर एक दशांश एफा, म्हणजे सुमारे दोन लिटर, जवाचे पीठ. त्यात तेल नाही, धूप नाही. आपल्या जुन्या रवादिव्यात, म्हणजे आरोपीच्या कसोटीत, उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढावा लागे. तिथे भाजणे हा नियम आणि वाचणे हा चमत्कार. इथे धूळपाण्याने काही होत नाही हा नियम, आणि अपाय होणे हा चमत्कार. निर्दोष सुटण्याची शक्यता त्यामुळे फार मोठी. तरी चव्हाट्यावरची मानखंडना बाईचीच, आणि 31व्या ओळीत नवरा दोषमुक्त. ते काही आम्ही गोड करून सांगणार नाही.

प्रश्न (वास्को) : इस्राएलच्या देवाला अशेरा नावाची पत्नी होती, असे एका व्हिडिओत सांगितले. खरे का?

उत्तर : पुरावा आहे, पण व्हिडिओत सांगतात तेवढा सोपा नाही. सिनायच्या वाळवंटात कुंतिलेत अजरूद येथे 1975-76 मध्ये उत्खनन झाले. तिथल्या मोठ्या रांजणांवर, साधारण इ. स. पू. 800च्या सुमाराचे, 'शोमरोनचा परमेश्वर आणि त्याची अशेरा' (शोमरोन ही उत्तरेकडच्या इस्राएलची राजधानी) यांच्या नावाने आशीर्वाद लिहिलेले आढळले. अडचण 'त्याची' या शब्दात आहे. हिब्रूत विशेषनामाला असा प्रत्यय सहसा लागत नाही, म्हणून काही अभ्यासक इथे देवी नव्हे, तिचा लाकडी खांब समजतात. पण खांब तरी कोणाचा, हा प्रश्न उरतोच. यरुशलेमच्या मंदिरातच अशेरा होती हे शास्त्रच कबूल करते : योशीया राजाने, इ. स. पू. 622च्या सुमारास, ती बाहेर काढून किद्रोनच्या ओढ्यात जाळली, आणि जिथे बायका तिच्यासाठी वस्त्रे विणत ती मंदिरातली घरे मोडली (2 राजे 23:6-7).

प्रश्न (म्हापसा) : मिसरवरच्या (इजिप्तवरच्या) दहा पीडा म्हणजे दहा देवांवर दहा वार, असा तक्ता मुलांना शिकवतात. तो बरोबर आहे का?

उत्तर : तक्ता मागाहूनचा. 'मिसरच्या सर्व देवांना मी शासन करीन' असे निर्गम 12:12 मध्ये आहे, गणना 33:4 मध्येही आहे. पण पीडांच्या कथेत एकाही मिसरी देवाचे नाव नाही. बेडकांना बेडूकरूपी देवी हेकेत आणि अंधाराला सूर्यदेव रा हे जुळते, चिलटांपाशी तक्ता धापा टाकतो.

प्रश्न (प्रियोळ) : यशया 46 मध्ये बाबेलच्या बेल आणि नबो या देवांची टर उडवली आहे : जनावरांवर लादून नेतात, स्वतःला वाचवता येत नाही. आमच्या पूर्वजांनीही देव असेच वाहून आणले. हे वाचून वाईट वाटले.

उत्तर : वाटणारच. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी देवळे पाडली तेव्हा मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून मार्दोळला. त्या आठवणीवर ही ओळ बोचते. पण ती कोणी लिहिली ते पाहा. इ. स. पू. 586च्या सुमारास यरुशलेम पडले, मंदिर जळले, आणि मूर्ती नव्हतीच म्हणून बाबेलच्या सैन्याने पात्रे लुटून नेली. मेशाच्या हिशेबाने पाहिले तर इस्राएलचा देव सपशेल हरला होता. हद्दपार झालेल्यांनी विजेत्याच्या उत्सवात रथांतून, खांद्यांवरून मिरवणारे देव पाहिले, आणि ही ओळ त्या दाराबाहेर उभ्या असलेल्या हरलेल्या माणसाची आहे. सत्ता हाती असलेल्याने पुढे तीच ओळ दुसऱ्याची देवळे पाडताना वापरली तर तिचा अर्थ उलटाच होतो.

शिवाय मुद्दा ओझ्याचा आहे. तिसऱ्या-चौथ्या ओळीत देव म्हणतो, गर्भापासून मी तुम्हाला वाहिले, केस पिकेपर्यंत मीच वाहीन. कोण कोणाला वाहतो, एवढाच त्याचा वाद. देवाला पाठीवर घेऊन जुवारी ओलांडणाऱ्या माणसाला विचारले असते, तर त्यानेही बहुधा 'त्यानेच आम्हाला पार नेले' असेच सांगितले असते.

आणि एक गंमत. बेल आणि नबो बंदिवासात जातील, हे त्या अध्यायातले भाकीत अक्षरशः तसे घडले नाही. इ. स. पू. 539 मध्ये इराणचा राजा कोरेश बाबेलमध्ये शिरला तो बेलला, म्हणजे मार्दूकला, मान देत. 1879 साली सापडलेल्या, आता ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या त्याच्या मातीच्या वृत्तचितीवर लिहिले आहे की मार्दूकनेच त्याचा हात धरला आणि त्याला नावाने पुकारले. यशया 45:1 मध्ये परमेश्वर त्याच कोरेशाचा उजवा हात धरतो आणि त्याला आपला अभिषिक्त म्हणतो. एकच विजेता, आणि त्याच्यावर दोन देवांचा दावा.

प्रश्न (साखळी) : तुम्ही दिलेले आकडे माझ्या पुस्तकाशी जुळत नाहीत.

उत्तर : तीन कारणे. हिब्रू प्रतीत स्तोत्राचे शीर्षक पुष्कळदा पहिली ओळ धरतात, त्यामुळे मराठीतले 68:4 तिथे 68:5 होते. काही पुस्तकांत अध्यायच वेगळे तुटतात. मलाखी हिब्रूत तीन अध्यायांत संपतो, मराठीत चार. आणि घरात जुने लॅटिन किंवा पोर्तुगीज कॅथलिक पुस्तक असेल तर ग्रीक परंपरेप्रमाणे 9वे आणि 10वे स्तोत्र एकच धरलेले असते, म्हणून पुढचे बहुतेक सगळे आकडे एकाने मागे. तिथे देवांच्या सभेचे स्तोत्र 81वे आहे.